पहिलं नाव शशिकलाबाईंचं

सिमेंटच्या दुकानात शिरून पोत्याला कान लावणारा माणूस मी अख्ख्या नांदुऱ्यात एकच पाहिला. आमचे शेजारी नामदेवराव इंगळे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. दुकानदार विचारायचा, "काका, पोतं काय म्हणते?"

"आमचं आम्ही पाहून राह्यलो. मालक हाओत आपण."

मालक म्हणजे त्या सिमेंटच्या कंपनीचे दहा शेअर त्यांच्याकडे होते. लाखो वाटे पडलेल्या कंपनीत दहा वाटे यांचे. पण वाटा केवढाही असो, मालकी ती मालकीच, हा त्यांचा बाणा. माझ्या नव्या घराचे कॉलम त्यांनी काठीने ठोकून तपासले आणि एका भेगेबद्दल थेट कंपनीला पत्र लिहिलं. शुद्धलेखन मी तपासायचं. शाळामास्तर शेजारी असला की गावाला फुकटचा कारकून मिळतो.

शेअर जुने, कागदी, दोघांच्या नावावर. पहिलं नाव बायकोचं, शशिकलाबाईंचं, कारण लक्ष्मी पुढे असावी. ज्याचं नाव पहिलं, त्याच्याच नावाने कंपनीचं टपाल येतं आणि मतही त्याचंच. काकू जाऊन आठ वर्षं झाली, पण कंपनीला कोणी कळवलंच नाही. पोस्टमन दारात येऊन "शशिकला नामदेव इंगळे" अशी हाक देई. नामदेवराव आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणत, "तुह्यं टपाल आलं वो." मग जरा थांबून पाकीट फोडत.

एकदा भर दुपारी मी तिथेच बसलो होतो. लाईट गेलेली. कंपनीच्या सभेची नोटीस आली होती. नामदेवरावांनी आतल्या पडद्याकडे पाहून विचारलं, "अध्यक्षाचा पगार वाढवून राह्यले. काय लिहू?" आणि वाट पाहिली. मीही मूर्खासारखी पाहिली. वाऱ्याचा पत्ता नव्हता, तरी पडदा हलला.

"नाई म्हणते," ते लिहिता लिहिता म्हणाले. "एवढ्याचं करते काय थो, म्हणते."

काकू अगदी अशाच बोलायच्या.

यंदा कंपनीचं निर्वाणीचं पत्र आलं. लाभांश सात वर्षं कोणी उचललेला नाही. हक्क सांगा, नाहीतर शेअर सरकारी निधीत जातील. आलेले चेक डब्यात तसेच पडून होते. काकूंच्या नावाचे, म्हणून यांनी त्यांना हात लावला नव्हता. मी फॉर्म आणला.

"सोपं आहे, काका. मृत्यूचा दाखला जोडायचा. काकूंचं नाव कमी होईल, तुम्ही एकटे मालक."

त्यांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं.

"मास्तर, राशन कार्डातून तिचं नाव काढलं. मतदार यादीतून काढलं. पोरगा पुण्याले, थो फोनवर आईचं नावच काढत नाई. आता तिले नावानं हाक मारणारा एक पोस्टमन राह्यला. थे नाव मी कायले कापू?"

"पण शेअर गेले तर टपालही बंद होईल."

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनी फॉर्म घडी करून मला परत दिला.

"बंद होऊ द्या. पण माह्या हातानं नाई."

शेअर गेले. टपाल थांबलं. नामदेवराव दुकानात जाईनासे झाले. पोस्टमन आमच्या आळीत शिरला की ते दारात येऊन उभे राहत, आणि तो पुढे निघून जाई. मला ते बघवेना. एक दिवस खामगावला गेलो असताना मी पोस्टातून पाकीट घेतलं, त्यावर काकूंचं नाव आणि पत्ता घातला. आत काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, "काकू, बऱ्या आहात ना?" खाली नाव घातलं नाही.

चार दिवसांनी पोस्टमनची हाक भिंतीपलीकडून ऐकू आली. मी मुद्दामच बाहेर गेलो नाही. तासाभराने नामदेवराव माझ्या दारात उभे. धुतलेला सदरा घातलेला, डोळे लाल.

"मास्तर," ते म्हणाले, "बरी हाय म्हणते. अन् विचारून राह्यली, तुमचा खोकला गेला का?"

खोकल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"गेला म्हणावं," मी म्हणालो.