एक अब्ज सातचं लग्न

एक अब्ज सात हा आकडा लग्नासाठी नाव नोंदवायला सांगलीच्या हर्डीकरबाईंच्या वधूवर केंद्रात आला, तेव्हा बाईंनी त्याला आधी चपला बाहेर काढायला सांगितल्या.

“एकत्र कुटुंब की विभक्त?”

“अविभाज्य,” तो म्हणाला. “मला एकाने भाग जातो आणि माझा मला जातो. बाकी कुणाचा नाही.”

“म्हणजे मूळ संख्या.”

“हो.”

बाईंनी चष्मा पुसला. बिजवर, कडक मंगळाचे, सगळे त्यांनी उजवले होते. पण ‘मूळ’ म्हटलं की मुलीकडचे फोन ठेवत. हे नक्षत्र नव्हे, स्वभाव आहे, एवढं ऐकायलाही कुणी थांबत नसे.

शेवटी मिरजेच्या बारा हजारांनी बोलावलं. मुलीचे वडील म्हणाले, “आमच्यात सगळ्यांशी जुळवून घ्यायची पद्धत आहे. जावयाला निदान दोनाने तरी भाग जावा.”

कांदेपोहे झाल्यावर त्यांनी त्याला दोनाने भागून पाहिलं. बाकी एक उरली. मुलीची मावशी म्हणाली, “तिनाने बघा, पुष्कळांना तिनाने जातो.” बाकी दोन उरली.

“मुलगा मोठा आहे,” वडील हळहळले, “पण हट्टी दिसतो.”

परतताना रिक्षात तो म्हणाला, “बाई, मी मनापासून प्रयत्न केला. आतून काही सुटतच नाही.”

बाईंना वाईट वाटलं. त्यांच्याकडची मुलं पगार वाढवून सांगत, वय कमी करून सांगत. यानेही स्वतःला एकाने कमी सांगितलं असतं, तर कुठेही जमलं असतं. तो सांगत नव्हता.

मग बाईंनाच एक अब्ज नऊ सापडली. तीही मूळ, आणि एक घर सोडून राहणारी. मधल्या घरात एक अब्ज आठ राही, त्यामुळे दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं. बघण्याच्या कार्यक्रमालाही तो येऊन कोचावर बरोबर मधोमध बसला. दोनाने, तिनाने, आठाने, नवाने भाग जाणारा, कुणाशी वाकडं नसलेला गृहस्थ.

“जरा बाजूला बसता का?” बाई म्हणाल्या.

“बसलो असतो, बाई. पण सातानंतर एकदम नऊ आला, तर जगाचे हिशेब चुकतील. पोहे मात्र द्या.”

त्याच्या पाठीमागून एक अब्ज नऊने विचारलं, “त्यांना खरंच कशानेच भाग जात नाही?”

“नाही,” एक अब्ज सात म्हणाला.

“मग मला चालेल.”

लग्नात भटजींनी मधल्या गृहस्थांकडे एकदा पाहिलं आणि अंतरपाटाची घडी पिशवीत परत ठेवली. हार त्याच्या डोक्यावरून घातले गेले. अक्षता बहुतेक त्याच्यावरच पडल्या.

पंगतीत तिघं ओळीने बसले. नवरीने जिलबीचा घास पुढे केला, तो एक अब्ज आठने हातात घेतला आणि न मोडता पलीकडे दिला. हर्डीकरबाईंनी पदराने डोळे टिपले आणि त्याला आग्रहाने आणखी दोन जिलब्या वाढल्या.