खालचं बदललं, तर वरचं नव्यानं

चहात साखर कमी पडली, तर माणूस वरून चमचाभर घालतो. चव्हाण सर तो चहाच ओतून द्यायचे. "साखर पयले पान्यात जाते, मंग पत्ती, मंग दूध. खालचं बदललं त वरचं सारं नव्यानं करा लागते!" बिचाऱ्या टपरीवाल्यानं नव्या चहासाठी कपबशीही विसळायला घेतली, की आणखी भडकायचे. "कप काहून धुतला? कपाचं साखरेशी काय घेनंदेनं?" मारेगावात त्यांना दुसऱ्यांदा चहा देणारी टपरी उरली नव्हती.

तांड्यावरून आलेला हा पन्नाशीचा माणूस कापूस खरेदी केंद्राचा कॉम्प्युटर सांभाळायचा. मी तिथेच खिडकीत पावत्या काढायचे. प्रोग्राम सरांनीच लिहिलेला. त्याच्या खंडीभर फाईली, आणि त्या सगळ्या मिळून एक चालता प्रोग्राम बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचा. कोणती फाईल कोणावर अवलंबून आहे, हे सरांनी मशीनला सांगून ठेवलं होतं. एक बदलली, की तिच्यावर विसंबलेल्या साऱ्या पुन्हा बांधल्या जायच्या. कुणी न सांगता काही बदललं, की सर आकाशपाताळ एक करायचे. राग फार चढला की गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत शिरायचे, आणि मग काय म्हणताहेत ते न कळलेलंच बरं.

"सांगाले तोंड झडलं होतं काय?" हे मला रोज, चूक कुणाचीही असो. मीही ऐकून घेणारी नाही. "तोंड माहं आहे सर, झडलं त तुमाले कायले तरास?" असं आमचं चालायचं.

कापसाला कुणी विचारत नव्हतं, त्या सालांतली गोष्ट. केंद्र कधीमधी उघडायचं आणि बंड्यांची, म्हणजे कापूस भरलेल्या बैलगाड्यांची रांग थेट वणीच्या रस्त्याला लागायची. एका सकाळी कापसाच्या दर्जाचे नवे नियम आले. सर पांढरकवड्याला गेलेले. मॅनेजरनं दर्जाची फाईल स्वतःच बदलली, आणि पूर्ण कंपाइलला वेळ लागतो म्हणून फक्त पडद्यावर दिसणारा भाग नव्यानं बांधला. पावतीचा भाग जुनाच राहिला. मी पडद्यावर बघून मोठ्यानं सांगायचे, "एक नंबर!" आणि शेतकऱ्याच्या हातात कागद पडायचा दोन नंबरचा, कमी भावाचा.

दुपारी रांगेतल्या एकानं तो कागद वाचून पाहिला. "तोंडानं एक सांगते, कागदावर दुसरंच देते! चोट्टी!" खिडकीची जाळी हलायला लागली. मॅनेजर मागच्या दारानं पसार. त्या मॅनेजरचा मला आजही संताप येतो. रांगेतल्यांचा नाही येत. रात्र बंडीखाली काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

तेवढ्यात सर आले. पडदा पाहिला, पावती पाहिली, आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. "प्रोग्राम माहा आहे. बाईले जे दिसलं ते बाई बोलली. शिव्या द्याच्या त मले द्या!" लोकांनी मनापासून दिल्या. सरांनी त्याहून मनापासून परत केल्या. मग आत येऊन बांधलेलं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून कंपाइल लावलं. मधेच लाइट गेली. सरांनी वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि पुन्हा लावलं. दिवस मावळायच्या आत सकाळच्या साऱ्या पावत्या बदलून दिल्या.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दारातच म्हणाले, "उद्यापासून जाचं नाही. भर बाजारात सून चोट्टी म्हनवून घेते!" मी भांडभांड भांडले. नवरा जमिनीकडे बघत बसला.

सकाळी सर दारात उभे. कुणाच्या घरी कधी न जाणारा माणूस. मामाजींनी खाट पुढे केली, तरी बसले नाहीत. मला वाटलं, आता आवाज चढणार. चूक कुणाची, कोणती फाईल राहिली, सगळं त्यांनी सांगितलं, पण खाली बघून, हळू.

"असन," मामाजी म्हणाले. "पन दुसरी बाई ठेवा ना. पावत्या काढाले कोनी बी भेटन."

"भेटन," सर म्हणाले. "मी पावत्याचं नाही म्हनून राह्यलो काकाजी." मग आणखी हळू म्हणाले, "मी बोललो त वापस बोलनारी हे एकच आहे. बाकी सारे उठून जातेत. घरी बी कोनी नाही."

मामाजींनी पुढे केलेली खाट पुन्हा भिंतीला लावली. मग माझ्याकडे वळून खेकसले, "उभी काहून आहे? डबा भर!"