गेनबा येतो

छातीठोकपणे सांगतो, हडपसरच्या आमच्या ऑफिसात माझ्याइतका हुशार माणूस नव्हता! म्हणजे गेल्या शुक्रवारी दुपारपर्यंत.

आमचं ॲप पाण्याच्या टँकरचं. टँकर कुठे पोचलाय ते मांजरी गावातल्या लोकांना मोबाईलवर दिसतं. पूर्वी त्यातला एक शब्द बदलायचा तर अख्खं ॲप नव्याने धाडावं लागायचं. मी अशी सोय केली की डेटाबेसमध्ये शब्द बदलला की त्याच क्षणी सगळ्यांच्या मोबाईलवर बदलणार! आमच्या साहेब, सत्यशीला मॅडम, शुक्रवारी संध्याकाळी मला नोकरीत कायम करणार होत्या. "तोवर कशाला हात लावू नका," एवढंच म्हणाल्या.

पण टँकर रिकामा होऊन निघाला की मोबाईलवर यायचं, 'गेनबा जातो.' गेनबा आमचा ड्रायव्हर. वाचून मला कसंतरीच झालं! आमच्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणालं की आई त्याला चपला काढून पुन्हा घरात बसवते. मी गुपचूप केलं, 'गेनबा येतो.'

लगेच गेनबाचा फोन. "सायेब, काय केलं ह्ये? टँकर रिकामा हाय, अन् बाया बादल्या घिऊन आडव्या उभ्या ऱ्हायल्यात! 'येतो' म्हून लिवलंय म्हनत्यात! लई तापल्यात!"

मॅडमना कळलं तर? पण 'जातो' काही लिहवेना. 'येतो' खोडलं आणि 'गेला' लिहिलं.

मग पुन्हा फोन. हंबरडा! "अवं, कसा गेला वो माझा मालक? सकाळी तर चांगला जेवून गेलता!"

गेनबाची बायको, बायडाबाई!

"अहो बाई, गेला म्हणजे... तसा गेला नाही हो! नुसता गेला!"

त्या आणखी मोठ्याने रडायला लागल्या. मागे कुणीतरी फुलांचं विचारत होतं.

थोड्या वेळाने गेनबाचाच फोन. "सायेब, घरी आलो तर मला बघून बायकू चक्कर यिऊन पडली! आता समदी तुमच्याकडं निघाल्यात. पत्ता इचारला, म्या दिला."

जिन्यात पावलं वाजली तसा मी टेबलाखाली मावतो का ते बघायला लागलो. दार उघडलं. पुढे मॅडम, मागे गेनबा, त्याचा हात घट्ट धरून बायडाबाई.

"हे जिवंत आहेत," मॅडम म्हणाल्या. "शब्द मी पुन्हा होता तसा केलाय. सौरभ, आपण निघा."

बॅग उचलली आणि कसंबसं म्हणालो, "येतो, मॅडम."

"नको. जातो म्हणा."