चिलवा सरोवराची पातळी : एक मीटर वीस

निसर्गात पाणी कमीजास्त होते. दप्तरात ते होत नाही. म्हणून ज्या देशाला पाण्याची खरी काळजी असते तो आपले पाणी दप्तरात ठेवतो.

यंदा मलावीतले चिलवा सरोवर आटले आणि काठावरच्या नामवेरा गावाला सरकारी मदत मिळाली. मात्र सरोवर आटल्याची नोंद कुठेच नसल्यामुळे ते आटलेले नाही, आणि मिळालेली मदत आटण्याबद्दलची नव्हतीच. तेव्हा मागचे एक वाक्य आपण वाचलेच नाही असे धरून पुढे यावे.

चिलवा हे उथळ प्रकृतीचे सरोवर आहे. (मधोमध जाऊन बुडायचे म्हटले तरी बऱ्याच ठिकाणी आधी खाली बसावे लागते.) पाऊस नीट झाला तर ते पोटभर मासे देते. नाही झाला तर उठून निघून जाते आणि दोन-तीन वर्षांनी काहीच न घडल्यासारखे परत येते. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना याचे विशेष काही वाटत नाही. त्यांनी असे नवरे पाहिलेले आहेत.

जैलोसी चिताओ हा या सरोवराचा सरकारी पट्टीवाला. पाण्यात एक लाकडी खांब रोवलेला असे, त्यावर आकड्यांची पट्टी. रोज सकाळी सहाला होडीतून जायचे, पाणी कोणत्या आकड्याला टेकले ते बघायचे, तक्त्यात लिहायचे आणि तक्ता राजधानीला पाठवायचा. ही झाली त्याची सरकारी ओळख. गावात त्याची ओळख एवढीच की तो गावप्रमुखांच्या भाचीचा, म्हणजे एलुबेचा, नवरा. इकडे लग्नानंतर नवरा काखेत चटई मारून बायकोच्या गावी राहायला येतो. घर बायकोचे, शेत बायकोचे, पोरे बायकोची आणि या सगळ्यांवर बायकोचा मामा. नवऱ्याची मालमत्ता म्हणजे ती चटई. मामाचे मन फिरले की तो "चटई उचल" एवढेच म्हणतो. वकील, तारखा असल्या वेळखाऊ भानगडी आमच्यात नाहीत.

जैलोसीजवळ पातळी-विभागाची नियमावली होती आणि ती त्याला तोंडपाठ होती. नियम सात : पट्टी सदैव पाण्यात उभी असावी. नियम अकरा : पट्टीकडे होडीने आणि जीवरक्षक जाकीट घालूनच जावे.

जूनमध्ये पाणी पट्टीला सोडून गेले. जैलोसीने नियम सात वाचला, खांब उपटला आणि चारशे पावले आत, पाण्यात, पहिल्याइतकाच बुडेल असा रोवला. आठवड्याने पाणी आणखी सरकले. जैलोसीही सरकला. सप्टेंबरपर्यंत सरोवर पुढे आणि मागून खांब खांद्यावर घेतलेला सरकारी नोकर, अशी ही वरात गावापासून अकरा किलोमीटर आत गेली. जैलोसी तिथे सायकलने जाई. अंगात नारिंगी जाकीट असे. होडी सायकलवर मावत नव्हती, म्हणून होडीचा आवश्यक भाग, म्हणजे एक वल्हे, कॅरियरला बांधलेला असे.

या प्रामाणिकपणाचे फळ आकड्यांत दिसले. चार महिन्यांतली सर्वाधिक पातळी : एक मीटर वीस. सर्वांत कमी : एक मीटर वीस. सरासरी राजधानीत तीन वेगवेगळ्या साहेबांनी काढली आणि तिघांचीही एकच आली, हे त्या कार्यालयात प्रथमच घडले. कोरड्या मुलखातले इतके शिस्तीचे सरोवर दुसरे नाही, असे अभिनंदनाचे पत्र आले. बाकीच्या सरोवरांना त्याची प्रत पाठवण्यात आली (आवश्यक त्या सुधारणेसाठी).

इकडे गावात जाळी खुंटीला लागली होती. मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, म्हणजे नसिमाबरोबर, आधी सुके मासे असत, मग भोपळ्याचा पाला आला, मग नुसता नसिमाच राहिला, आणि आता मकाही तळाला लागला होता. आटलेल्या सरोवराकाठच्या गावांना सरकार मका वाटणार होते. पण नामवेराच्या सरोवरात एक मीटर वीस पाणी असल्यामुळे त्या गावाचे नाव यादीत नव्हते.

गावप्रमुख नामवेरांनी (इकडे गावाचे नाव तेच प्रमुखाचे) जावयाला आंब्याखाली बोलावले.

"जावईबापू, सरोवरात पाणी किती म्हणालात?"

"एक मीटर वीस, मामा."

"माझ्या बोकडाला काल तुमच्या सरोवरात धुळीने ठसका लागला."

"धूळ तक्त्यात धरत नाहीत, मामा."

"बरं. अमावास्येच्या आत मक्याचा ट्रक दारात आला तर तुम्ही आमचे. नाही आला तर चटई उचलायची आणि त्या एक मीटर वीसवर नेऊन अंथरायची. बुडणार नाही याची हमी माझी."

त्याच आठवड्यात शेवटचे डबके आटले. खांब रोवायला आता जागा राहिली नाही आणि जैलोसीने आयुष्यात प्रथमच तक्त्यात खरे ते लिहिले : "पाणी नाही." उलट टपाली उत्तर आले, की असा रकाना तक्त्यात नाही. शून्य लिहिता येईल, पण शून्य वाचण्यासाठीसुद्धा पट्टी पाण्यात असणे आवश्यक आहे (नियम सात पाहा). पट्टी बुडवायला पाणीच नाही, असे जैलोसीने कळवले. विभागाने कळवले, "पाण्याची व्यवस्था स्थानिक पातळीवर करावी."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे लोक म्हणतात. लोकांना कार्यालयाचा अनुभव नसतो.

जैलोसीने तेलाचे रिकामे पिंप मिळवले, जून महिन्यातल्या मूळ जागी, गावाच्या कडेला, ठेवले आणि त्यात खांब उभा केला. (अकरा किलोमीटरची ये-जा वाचली, हा फायदा वेगळा.) पाणी भरायचे काम साहजिकच एलुबेकडे आले. गावाच्या हातपंपावर आधीच रांग. त्यात ही सरोवरासाठी हंडा घेऊन उभी.

"एलुबे, तुझ्या सरोवराला आज किती हंडे गं?"

"तीन. काल मामांचा बोकड तोंड घालून गेला, अर्धं चिलवा खलास."

"आम्ही जन्मभर सरोवरातून पाणी आणलं बाई. सरोवराला पाणी नेणारी तूच पहिली."

"नवरा सरकारी आहे ना. मिरवायला नको?"

पिंपात पाणी मावे ते ऐंशी सेंटीमीटर. एक मीटर वीसवर चार महिने ठाम राहिलेले सरोवर एका दिवसात चाळीस सेंटीमीटर खचले, आणि दुसऱ्या दिवशी आणखी सहा (बोकड). राजधानीत खळबळ उडाली आणि अमावास्येला पाच दिवस राहिले असताना निरीक्षक म्सोसा साहेब जातीने पाहणीला आले.

साहेब सरोवराच्या तळातून चालत आले. पायांत चकचकीत काळे बूट, अंगात नियम अकराचे जाकीट. पिंपाशेजारी त्यांना खुर्ची दिली. भोवती सगळे गाव जमले. जैलोसीने मनात हिशेब मांडला. साहेबांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहिले, की सुटलो. मग मका येईल आणि चटई जागची हलणार नाही.

"पट्टी पाण्यात आहे?" साहेबांनी विचारले.

"आहे साहेब, पण..."

"मग सरोवर आहे."

"साहेब," मामा म्हणाले, "हे पिंप आहे."

"काठ कशाचा आहे हा माझ्या विभागाचा विषय नाही. कुणाचा चिखलाचा असतो, कुणाचा पत्र्याचा." साहेबांनी पेनचे टोपण काढले. "पातळी चौऱ्याहत्तर सेंटीमीटर. स्थिर. काळजीचे कारण नाही."

मामांनी जैलोसीकडे पाहिले. मग त्याच्या झोपडीकडे पाहिले, जिथे चटई होती.

तेवढ्यात एलुबे डोक्यावर हंडा घेऊन आली. तिने साहेबांकडे पाहिले, पेनाकडे पाहिले, नवऱ्याच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिले. हंडा सावकाश खाली ठेवला. मग पदराचे कापड कमरेला घट्ट बांधले आणि पिंपाला अशी लाथ घातली, की चिलवा सरोवर आडवे झाले.

"लिहा आता, साहेब," ती म्हणाली. "आटलं."

सरोवर साहेबांच्या बुटांत शिरले आणि मोज्यांतून वर चढले. सकाळचे दहा चाळीस झाले होते. कोणी हसले नाही (हसणारे झोपडीमागे गेले होते). साहेबांनी शांतपणे दुसरा तक्ता काढला आणि मोठ्याने वाचत भरायला घेतला.

"पाण्याने काठ ओलांडला काय? होय. पाणी घोट्याच्या वर आले काय?" त्यांनी मोजे चाचपले. "होय. पूर्वसूचना मिळाली होती काय? नाही." आणि खाली, आपत्तीचा प्रकार या रकान्यात, त्यांनी लिहिले : पूर.

"अहो साहेब, जमीन बघा की!" एलुबे ओरडली. "पिऊन मोकळी झाली ती!"

"पूर ओसरला," साहेबांनी जोड दिली. "ओसरल्याचा तक्ता वेगळा येतो."

अमावास्येच्या आदल्या दिवशी ट्रक आला. त्यात चारशे बारा जीवरक्षक जाकिटे होती (गावची माणसे चारशे बारा, लहान मुलांसाठी लहान मापाची), मच्छरदाण्या होत्या आणि पोहायला कसे शिकावे याची माहितीपत्रके होती. मका नव्हता. मामांनी ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या, एक जाकीट हुंगून पाहिले आणि आंब्याखाली जाऊन बसले.

"जावईबापू, ट्रक आला. मका नाही आला. चटईचं काय करायचं, सांगा तुम्हीच."

जैलोसी हातातल्या जाकिटाची घडी घालू लागला.

"याला घालवला तर सरकारला अर्ज कोण लिहील, मामा?" एलुबे म्हणाली. "त्यांची भाषा या घरात यालाच येते."

मामांनी विचार केला. अर्ज निकाली निघेपर्यंत चटई राहू द्यावी, असे ठरले. त्यामुळे जैलोसीला नामवेरात कायमचे घर मिळाले असे मानायला हरकत नाही.

गाव आता जाकिटे घालून सरोवराच्या तळात मका पेरायला जाते, बियाणे मात्र अजून कुणाकडे नाही. जाकिटे आल्यापासून नामवेरात बुडून एकही मृत्यू झालेला नाही, याची नोंद विभागाने अभिमानाने घेतली आहे.

अर्ज तयार आहे. फक्त नियमाप्रमाणे त्यावर एका तटस्थ साक्षीदाराची सही लागते : ज्याने सारा प्रकार पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, पण मदतीला हात लावला नाही, असा इसम. गावात असा कोणी सापडला नाही, कारण पुढे पुढे प्रत्येकाने सरोवराला एखादा तरी हंडा वाहिला होता. आपण मात्र पहिल्या ओळीपासून इथे बसून आहात, आणि आपण एकदाही उठला नाहीत. सहीची जागा खाली मोकळी ठेवली आहे.

"प्रति, मा. पातळी-विभाग. विषय : मिळालेल्या जाकिटांबाबत. महोदय, मका देणे नियमात बसत नसल्याचे समजले. जाकिटे मिळाली, आभारी आहोत. तरी सदर चारशे बारा जाकिटांना पुरेल इतके सरोवर, शक्य तर माशांसह, लवकरात लवकर मंजूर करून पाठवावे, ही नम्र विनंती."