नातीच्या पत्राचं प्रूफ

आजोबांनी सहासष्टाव्या वर्षी फ्रेंच शिकायला घेतलं, त्यात वावगं काहीच नव्हतं. लेक परदेशी, जावई फ्रेंच बोलणारा आणि सात वर्षांच्या नातीला मराठीचे जेमतेम चार शब्द येत. तिच्याशी दोन गोष्टी बोलता याव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. शंका फिटल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा हाताला लागलेला नियम. फ्रेंचमध्ये टेबल बाई कसं? विशेषण कधी नामाच्या पुढे, कधी मागे, हे ठरवतं कोण? आणि जी अक्षरं उच्चारायचीच नाहीत ती छापायची कशाला? (यात त्यांना खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरची मनापासून कणव वाटे.) शिकवणारी मुलगी सोशीक होती, पण तिसऱ्या महिन्यात तीही म्हणाली, "काका, आता बोलायला लागा. चुकलं तर चुकलं."

इतकं बेजबाबदार वाक्य आजोबांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्यामुळे दर रविवारी फोनवर नात दिसली की आजोबा वही उघडून गप्प बसत. आजी मात्र बिनदिक्कत मराठीत विचारी, "जेवलीस का गं? दात पडला का?" वर आ करून स्वतःचे पडलेले दात दाखवी. नात खिदळत राही आणि आजोबा पान चाळत राहत.

अशात नातीचं फ्रेंचमधलं पत्र आलं, खास आजोबांना. वाकड्यातिकड्या अक्षरांत, कोपऱ्यात चष्मेवाले आजोबा काढलेले. आजोबांचे डोळे भरून आले. मग त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचलं आणि हात आपसूक लाल पेनाकडे गेला. सतरा चुका निघाल्या. समासात खुणा, खाली सही आणि शेरा: 'दुरुस्त करून पुन्हा पाठवणे'. त्याचा फोटो त्यांनी मोठ्या अभिमानाने लेकीला पाठवला.

तासाभरात लेकीचा फोन आला. "बाबा, तिनं बघितलं. रडतेय. आजोबांना माझं पत्र आवडलं नाही म्हणते."

"अगं, आवडलं म्हणूनच तर इतकं नीट तपासलं."

"अहो, मायेचं पत्र कुणी तपासतं का?" आजी म्हणाली. (लग्नाआधीची तिची पत्रंही त्यांनी तपासली होती. तो विषय घरात कुणी काढत नाही.)

पुढचे दोन रविवार नात फोनवर आली नाही. आजोबांना घास गोड लागेना. आपण हातातलं सोनं मातीत घातलं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी वही मिटली आणि पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीशी फ्रेंचमध्ये बोलायला सुरुवात केली. तुझं पत्र सुंदर आहे, मी मूर्ख आहे, एवढंच सांगायचं होतं. सांगताना त्यांनी पत्राला पुरुष केलं, स्वतःला बाई केलं आणि क्रियापदं वाटेल त्या काळात सोडून दिली. घामाने सदरा भिजला, तरी थांबले नाहीत.

खुर्चीमागून आधी केस वर आले, मग डोळे. नातीने सगळं ऐकून घेतलं, हसली आणि भराभर काहीतरी बोलली. आजोबांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण ते भरून पावले.

"काय म्हणाली गं?"

लेक जरा अडखळली. "राग गेला म्हणते, बाबा. आणि..."

"आणि काय?"

"आजीला फोन द्या म्हणते. आजीचं फ्रेंच कळतं."