माझा नेम आणि अकरा वाघ

भीती म्हणजे काय, ते मला ठाऊकच नाही!

असं मी प्राचार्यांच्या खोलीत, सगळ्या प्राध्यापकांच्या देखत, दुधाचा पेला हातात धरून म्हणाले. "ज्याचा दिवस नेमानं उजाडतो आणि दिव्यानं मावळतो, त्याला कसली हो भीती?"

एरवी माझं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. माझा आवाज इतका हळू, की संस्कृतच्या तासाला पहिल्या बाकावरची मुलं कानामागे हात धरून बसतात आणि मागच्या बाकांवरची सुखानं झोपतात. पण नेमकं हेच वाक्य खोलीभर खणखणलं!

"वा!" प्राचार्य म्हणाले. "मग विद्यार्थी सेवा मंडळाच्या मार्गदर्शक तुम्हीच!"

बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कारण आदल्या वर्षी मंडळानं श्रमदानात एक सुरेख खड्डा खणला होता, आणि त्यात पहिले मार्गदर्शकच पडले होते. इतिहासाचे ते प्राध्यापक अजून काठी टेकत चालत.

यंदाचं शिबीर नाताळच्या सुटीत, चिमूरच्या बाजूला, जंगलाच्या पोटात दडलेल्या सावरटोल्यात. काम, गावापासून नाल्यापर्यंत रस्ता करणं. मुलींनाही प्रथमच न्यायचं ठरलं, आणि त्यांत सर्वांत पुढे सुलताना. आमच्या चांद्यातल्याच कमरुद्दीनभाईंची मुलगी. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. मुलगी हुशार, पण तिचं कॉलेज म्हणजे बापाशी रोजचा तह होता.

निघायच्या दिवशी कमरुद्दीनभाई मोटारस्टँडवर आले.

"बाई, तुमच्या भरोशावर पोरीले सोडून राह्यलो. तुम्ही म्हणे भीतच नाई कोणाले?"

प्राचार्यांनी गावभर सांगितलं होतं!

"पण सांगून ठेवतो. जरा बी गडबड झाली, का तिचं कॉलेज बंद. मंग मले काई म्हणू नका."

"अब्बा, काऊन घाबरवता बाईंना?" सुलताना हसली. मीही हसले. पण पिशवीतली तुपाची डबी उगाचच दोनदा चाचपली.

आता माझा नेम सांगते, कारण पुढचं सारं रामायण त्यातूनच घडलं. रोज दिवेलागणीला घराबाहेरच्या कुठल्याही देवापुढे निरांजन लावायचं, प्रदक्षिणा घालायची, आणि मगच तोंडात घास घालायचा. दिवसभर उपास. आजारपणात, लग्नकार्यात, कशातही खंड नाही.

सावरटोल्याला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मारुतीचं देऊळ नाल्यापलीकडे, तिथं पोचेपर्यंत अंधार पडला असता. मी निरांजन, वाती नि तुपाची डबी घेऊन निघाले. मंडळाचा चिटणीस इसरू चुली मांडत होता. त्याला म्हटलं, "मी दिवा लावून येते रे."

"हो बाई, हो बाई," तो म्हणाला. त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं.

गावाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली दगडांची रास होती आणि तिच्या माथ्यावर शेंदूर फासलेला एक उभा दगड. शेंदूर म्हणजे देव! मी दिवा लावला, प्रदक्षिणा घातल्या, "रस्ता निर्विघ्न होऊ दे" म्हटलं आणि समाधानानं परतले.

भाकरीचा पहिला घास घेते न घेते, तोच गावात कल्लोळ! दारं धडाधड लागली. डबे बडवले जाऊ लागले. मुखरू पाटील धोतर सावरत शाळेत शिरले. शाळेच्या दोन खोल्यांतच आमचा मुक्काम होता.

"बाई, पोरं आत घ्या! कवाड लावा! तो आला!"

"कोण?"

"तो!"

"अहो पण तो म्हणजे कोण?"

पाटलांनी बोलून दाखवलं नाही. दोन्ही हातांची बोटं वाकवून पंजे केले, दात विचकले आणि माझ्याकडे बघून हळूच गुरकावले. माझ्या हातातली भाकरी वरणात पडली.

त्या रात्री मी डोळा मिटला नाही. उंदीर हलला तरी मला तो 'तोच' वाटे. कौलावरून वाळलेलं पान घसरलं आणि मी विष्णुसहस्रनाम मधूनच सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी कामाला गावचं कुणी येईना. "तो दिसला, आता कोन जाते नाल्याकडे!" मुलांनी एकट्यांनीच थोडं खणलं, तेही एक डोळा कुदळीवर नि एक झाडीवर. कुदळी दगडापेक्षा एकमेकींवरच जास्त आपटत होत्या.

आणि दिवेलागण झाली! पण वाघ खातो तर एकदाच खातो, मोडलेला नेम जन्मभर खात बसतो. गाव दारं लावून बसलं होतं. मी सावलीसारखी निघाले, दिवा लावला, "देवा, त्याला दूर ने" म्हटलं आणि पळत आले.

थोड्या वेळानं पुन्हा डबे वाजले!

"पुन्हा आला!" पाटील खिडकीतून ओरडले. "तिथीच! त्याच जागी!"

त्याच वाटेवरून मी नुकतीच आले होते! म्हणजे तो माझ्या पाठोपाठच असणार! मी मटकन खाली बसले. सुलतानानं पाणी दिलं. अर्धं मी प्याले, अर्धं पदर प्याला.

तिसऱ्या दिवशी मुली रडायला लागल्या. सुलताना तेवढी रडू आवरून म्हणाली, "बाई, अब्बांना कळलं तर संपलं. माझं पुढचं वरीस गेलंच समजा."

तिचा चेहरा बघवेना. मी मनाशी म्हटलं, एका दिव्यानं देव ऐकत नाही, तर नवस करू. संध्याकाळी त्या दगडापुढे एक नाही, अकरा दिवे लावले! निरांजन एकच, बाकीच्या पणत्या पळसाच्या पानांच्या. काय सुंदर दिसत होते! डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी गावानं डबेसुद्धा वाजवले नाहीत. मुकाट्यानं म्हातारीकोतारी नि बकऱ्या एकाच खोलीत कोंडली. शाळेच्या खिडकीशी पाटलांचा आवाज आला, पण तो त्यांचा वाटत नव्हता.

"बाई... अकरा हायेत."

"अकरा!"

"अख्खं खानदान घेऊन आला!"

पहाटे बांबूचा ट्रक चांद्याकडे गेला, त्याबरोबर बातमीही गेली. वाटेत ती वाढत गेली असावी. कारण चौथ्या दिवशी दुपारी चिमूरपर्यंत मोटारीनं नि पुढे सायकल हाणत, घामानं निथळत कमरुद्दीनभाई हजर झाले, ते हेच ओरडत: "अकरा वाघांनी कॉलेजले घेरलं म्हणे! सुलताना! सामान बांध!"

"अब्बा..."

"एक शबद नाई! उद्याच्या ट्रकनं घरी. कॉलेज खतम!"

सुलतानानं माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तकं पिशवीत भरू लागली. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

कमरुद्दीनभाईंनी पाटलांना विचारलं, "पन पाह्यले कोनी हे अकरा?"

"पाह्यनाऱ्यानं सांगतलं ना."

"कोनी सांगतलं?"

"आमच्यात तोंडानं सांगत नाई, भाऊ. नाव घेतलं का येते तो. ज्याले दिसला, त्यानं वाघोबाच्या ठान्यावर दिवा लावाचा नि चूप घरी जाचं. एक दिसला, एक दिवा. गाव समजून घेते. तो मोहाच्या झाडाखालचा शेंदराचा गोटा नाई काय? तेच ठानं."

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या अंधारीतही अकरा दिवे लखलखत होते.

"अहो पाटील," मी म्हणाले, "ते दिवे मी लावले हो."

"हो बाई, तुम्ही नका घाबरू," पाटील म्हणाले.

"मी लावले! माझा नेम आहे!"

"हो हो, पानी घ्या."

या आवाजानं माझं आयुष्यभर काही बिघडवलं नव्हतं. त्या दिवशी सगळं एकदम वसूल केलं!

शेवटी मी ठरवलं. कमरुद्दीनभाईंना प्रत्यक्षच दाखवायचं. तिन्हीसांज होताच त्यांना नि सुलतानाला घेऊन निघाले. वारं सुटलं होतं, म्हणून दिव्याला आडोसा करायला सुलतानानं रस्त्याच्या कामावरचं लोखंडी घमेलं घेतलं. कमरुद्दीनभाई चालताना तीनदा "बाई, नक्की ना?" म्हणाले. मी तीनदा "नक्की" म्हणाले. तिन्ही वेळा माझेही दात वाजत होते.

मोहाखाली मी निरांजन लावलं. "हे बघा. हा माझा नेमाचा दिवा. काल नवसाचे अकरा. वाघ-बिघ काही नाही!"

कमरुद्दीनभाई आधी दिव्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले, आणि मग जे हसत सुटले! "म्हंजे अकराच्या अकरा वाघ तुमच्या तुपाच्या डबीतून निघाले! या अल्ला! अन् मी चांद्याहून सायकल..."

"मग अब्बा, माझं कॉलेज?"

"थांब, हसू तर दे..."

त्यांचं हसणं अर्धवट थांबलं. दगडांच्या राशीपलीकडे कुणीतरी खोकलं. माणूस असं खोकत नाही. मग झुडूप बाजूला झालं आणि तो बाहेर आला. सावकाश, जणू इतके दिवस दिवे लावून बोलावताय तर जाऊन यावं म्हणून! पिवळा, पट्ट्यांचा, बैलगाडीएवढा! निदान मला तरी बैलगाडीएवढा दिसला.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी मोहाच्या झाडावर होते. नऊवारीत! जन्मात कधी पाटावर उभी राहून फडताळापर्यंत न पोचलेली मी फांदीला वटवाघळासारखी चिकटले होते. माझ्या वरच्या फांदीवर कमरुद्दीनभाई. आणि खाली सुलताना!

"पोरी, वर ये!" बापाचा आवाज माझ्यापेक्षा हळू निघाला.

"जागा कुठी आहे वर?" ती ओरडली. तिनं घमेलं उचललं, राशीतला दगड घेतला आणि असं बडवायला सुरुवात केली की बस! ठण्ण! ठण्ण! ठण्ण! "चल! हट! जा इथून! परीक्षा आहे माझी!"

वाघ थबकला. त्यानं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. हा प्रकार त्याच्या घराण्यात कुणी पाहिला नसावा. मग तो वळला आणि नाल्याकडे निघून गेला, घाईनं नाही, पण मागे न बघता.

तेवढ्यात गावाकडून पलिते, भाले, आणि एक भरमार बंदूक घेऊन सारे धावत आले. पुढे मुखरू पाटील. त्यांनी वर पाहिलं आणि जागच्या जागी थिजले.

"थांबा! दिवा झाडावर हाय! तो झाडावर बसून हाय!"

दिवा? मी हाताकडे पाहिलं. निरांजन माझ्या हातातच होतं. विझलंसुद्धा नव्हतं! आणि बंदुकीची नळी हळूहळू वर येत होती.

तेव्हा माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं वाक्य बाहेर पडलं. म्हणतात, ते नाल्यापलीकडच्या मारुतीपर्यंत पोचलं.

"पाटील! वर मी आहे!"

उतरल्यावर मी सगळं सांगितलं, आता मोठ्यानं सांगता येत होतं. दिवे माझे होते, नेमाचे होते, आजच पहिला वाघ आला.

पाटलांनी समजूत घातल्यासारखी मान डोलावली. "असू द्या बाई. अकरा पाह्यले, अन् तोंडातून नाव नाई काढलं. गावची रीत पाळली तुम्ही. आमच्या बायकाइले बी जमत नाई."

दुसऱ्या दिवशी सारं गाव कामाला आलं. घमेलं वाजवणारी पोरगी बघायला म्हणून आले, आणि बघता बघता रस्ता नाल्यापर्यंत गेला.

निघताना कमरुद्दीनभाई सायकल ट्रकवर चढवत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ते झाडाचं... चांद्यात नको."

"कुठलं झाड?" मी विचारलं.

त्यांनी खाली बघितलं. मीही खाली बघितलं. वरची फांदी त्यांची होती, पण खालची माझी होती.

"आणि सुलतानाचं कॉलेज?"

"चालू," ते म्हणाले. "बी.ए. होऊ द्या. पोरगी माह्यावर नाई गेली, तेच बरं हाय."

पुढच्या वर्षी सुलताना मंडळाची चिटणीस झाली, बिनविरोध. आणि प्राचार्यांच्या खोलीत मार्गदर्शकाचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भीती म्हणजे काय, हे बाईंना ठाऊकच नाही!" प्राचार्य म्हणाले.

मी स्पष्ट शब्दांत "नको" म्हणाले. पण माझा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. इतिवृत्तात 'बाईंनी आनंदाने होकार दिला' अशी नोंद झाली.

तेव्हा एकच अट घातली, ती मात्र चिठ्ठीवर लिहून दिली. गाव कुठलंही चालेल. फक्त देवळाजवळच्या झाडाला खालपासून फांद्या असाव्यात!