रांगेतला शेवटचा

“डावा खांदा वर. तुलाच म्हणतेय, रांगेतल्या शेवटच्या.”

शाळेतल्या खेळाच्या बाईंचा हा आवाज पंचवीस वर्षं त्याच्या मानगुटीवर बसून होता. लोकांचे वाकडे खांदे सरळ करायचं काम त्याने पत्करलं तेही त्या धाकापोटीच. ताठ उभा राहतो म्हणून जिममध्ये सगळे त्याला काटकोन म्हणत. आणि आज त्याच बाई, केस पांढरे झालेल्या, दारात उभ्या होत्या.

“कंबर धरते रे. बघ जरा.”

बाईंना ‘सरळ उभ्या राहा’ म्हणायला काटकोनची जीभ रेटेना. भिंतीवरच्या रेघांच्या तक्त्याकडे त्यांना तोंड करायला लावून त्याने पाठमोरा फोटो काढला. डावा खांदा रेघेच्या बोटभर खाली. साक्षात बाईंचा! हे त्यांना सांगायचं कोणी?

तेवढ्यात शिंपीकाका डंबेल घेऊन आले. “काटकोन, तू सांगितलंस म्हणून तीन आठवडे डावा खांदा उचलतोय. आता मीच शिवलेला सदरा मला डावीकडून वर चढतो.”

“होतं तसं सुरुवातीला, काका.”

“मला नको सांगूस. जन्म गेला मापं घेण्यात.”

या महिन्यात काटकोनने अकरा जण तपासले होते आणि अकराही जणांचा डावाच खांदा खाली निघाला होता. त्याने लोकांच्या खांद्यावरच्या पिशव्यांना बोल लावला होता. आता त्याने फोटो पुन्हा पाहिला. शेजारच्या दाराची चौकट आणि तक्ता एकमेकांशी जुळत नव्हते. दार लावणाऱ्याने ओळंबा धरून चौकट सरळ बसवली होती. तक्ता काटकोनने लावला होता, समोर उभं राहून, स्वतःच्या दोन्ही खांद्यांच्या अंदाजाने. आपल्याइतकं सरळ जगात दुसरं काय असणार?

म्हणजे अकरा धडधाकट माणसं त्याने घाम गाळून वाकडी केली होती. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर बाराव्या बाई.

“बाई,” त्याने डोळे मिटून घेतले, “तुमचा खांदा ठीक आहे. तक्ता वाकडा आहे. मी तो माझ्या खांद्यांवरून लावला.”

शिंपीकाकांनी डंबेल खाली ठेवला, खिशातून टेप काढली आणि काटकोनला जमिनीपासून दोन्हीकडून मोजलं. “डावा दीड बोट वर. कुणी रे शिकवलं तुला असं उभं राहायला?”

आता बाई कडाडणार, म्हणून काटकोनने मान आत ओढून घेतली. पण आवाज चढला नाही. बाई बाकावर टेकल्या, पाठीला चक्क पोक काढून.

“शेवटच्या,” त्या हळूच म्हणाल्या, “मी निवृत्त झाले त्या वर्षी मैदान सपाट करायला माणसं आली. तुझ्या टोकाला जमीन डावीकडे उतरती होती रे. तुझा खांदा कधी पडलेला नव्हताच.”

त्याने डावा खांदा हळूहळू खाली सोडला.

“आणि कंबर तर माझी मुळीच धरत नाही. हे मैदानाचं सांगायलाच आले होते.”